लाल कठ्याचं बीज

आमच्या नागऱ्याकडच्या गावात गहू म्हणजे धानाच्या उरल्यासुरल्या ओलीवरचं पीक. लवकर येणारा हलका धान निघाला की कार्तिकात बाबा एका बांधीत, म्हणजे धानाच्या रिकाम्या खाचरात, लाल कठ्या गहू पेरायचे. खत गोठ्यातलं, बियाण्याला राख आणि कडुलिंबाचा पाला, बाहेरचं काही नाही. बीज त्यांच्या वडिलांच्या हातचं. गावात बाकी साऱ्यांनी ते केव्हाच सोडलं होतं. बाबा म्हणायचे, "हे गेलं तं माह्या बापाचं घरात काहीच उरत नाही."

आणि ते मीच घालवलं.

मामांनी दिलेली पांढरी मुंडी पिसी, दुसऱ्या जातीचा गहू, शेजारच्या बांधीत होती. कठ्याच्या ओंबीला लांब खरखरीत कुसळ, हिच्या ओंबीला ते मुळीच नसतं. फाल्गुनात आभाळ भरून आलं, बाबा बाजाराला गेलेले. मी शहाणीनं दोन्हीचे भारे एकाच खळ्यात टाकले, बैल फिरवले आणि मळून मोकळी झाले. अक्कल शेण खायला गेली होती, दुसरं काय! पाऊस तर आलाच नाही.

बाबा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. सूप घेऊन दारात बसले आणि पांढऱ्यातून लाल दाणे निवडू लागले. घरात आम्ही दोघंच, आई मी लहान असतानाच गेलेली. सारा चैत्र ते निवडत होते. एक दिवस मी त्यांच्या लाल ढिगात हात घातला, तर निम्मे दाणे पांढरे. नीट दिसतं ना, असं विचारलं तर खेकसले, माह्या डोळ्याले काय धाड भरली! पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही. दुपारी त्यांचा डोळा लागला की मी तो ढीग गुपचूप पुन्हा निवडायची.

वैशाखात माझं लग्न झालं. ढीग अर्धाही झाला नव्हता. कोणाला सांगणार? सांगितलं असतं तर बाबांच्या डोळ्यांची गोष्ट गावभर झाली असती. सडक अर्जुनीकडे सासरी मी तांदूळ निवडायला बसले की जीव नुसता तळमळायचा. करता तर काहीच येत नव्हतं.

माघात माहेरी आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून बाबा मला बांधीवर घेऊन गेले. त्यांनी निवडून पेरलेल्या बीजाच्या ओंब्या भरल्या होत्या. जिकडे पाहावं तिकडे मुंडी, कठ्या मधूनमधून कुठंतरी.

"कसा दिसून राह्यला गहू?" त्यांनी विचारलं.

"सारा कठ्याच आहे, बाबा. बांधीभर."

ते खाली वाकले. पिकावरून हात फिरवत चार पावलं पुढे गेले. ओंब्या त्यांच्या तळहाताखालून गुळगुळीत सरकत होत्या. मी तिथंच उभी राहिले.

मग बाबा म्हणाले, "यंदा कुसळं लवकरच झडले वाटते, पोरी."

मी हो म्हटलं.