दर मंगळवारी अडतीस किलोमीटर

गाडीचे कागद दुसऱ्याच्या नावावर असताना मी तिची पूजा केली, हा निव्वळ माझा मूर्खपणा. पण दसरा चार दिवसांवर आला होता आणि बायकोचा एकच हेका होता, दसऱ्याला गाडी दारात हवी. मस्कतमध्ये दहा वर्षं काढली तरी मुहूर्ताच्या बाबतीत आम्ही दोघं अजून डोंबिवलीतच राहतो.

शोरूमवाले दोन महिने थांबा म्हणत होते, म्हणून मस्कतच्या हमरिया भागातला एक दलाल गाठला. "भाईसाब, एकदम नया गाडी है," तो म्हणाला. "कस्टमर ने लिया, नाम पे हुआ, और बेचने को निकाला. सीट का प्लास्टिक भी नहीं निकाला." गाडी खरंच नवी कोरी होती. मुल्कियावर, म्हणजे इथल्या नोंदणीच्या कार्डावर, एका मराठी माणसाचं नाव होतं. तो गावाला गेलाय, पंधरा दिवसांत येईल, मग ट्रॅफिक ऑफिसात दोघांच्या सह्या झाल्या की गाडी माझी. दुसरी चावीही त्याच्याकडेच होती, ती तेव्हाच मिळणार होती. कारखान्यात एक शिक्का राहिला तर मी अख्खा कागद परत पाठवतो. इथे मात्र नंदीबैलासारखी मान डोलावली.

दसऱ्याला अल अमेरातच्या आमच्या बिल्डिंगखाली, पत्र्याच्या शेडमध्ये, चाकांखाली लिंबं ठेवून पूजा झाली. बायकोनं डॅशबोर्डवर बोटभर उंचीचा गणपती चिकटवला. नारळ फोडल्यावर वॉचमन कुरकुरत फरशी पुसायला आला. आम्ही पेढा देऊन त्याला गप्प केलं.

मी सोहारच्या औद्योगिक वसाहतीत कामाला. रविवारी पहाटे कंपनीच्या बसनं जायचं आणि गुरुवारी संध्याकाळी परतायचं. आठवडाभर गाडी शेडमध्ये उभी. बायकोला अजून लायसन्स मिळालेलं नाही आणि एकमेव चावी माझ्या खिशात.

पहिल्या गुरुवारी गाडीत बसलो तर पाय ब्रेकपर्यंत पोचेनात. सीट पार मागे सरकलेली. मी बुटका माणूस, सीट पुढे घेतल्याशिवाय मला गाडी चालवताच येत नाही. विसरलो असेन म्हणून सोडून दिलं. दुसऱ्या गुरुवारी पुन्हा तेच, आणि गणपतीपुढे एक जास्वंद. बायकोनं ठेवली असेल असं मी धरून चाललो. रात्री जेवताना तिच्या बोलण्यातून कळलं, ती मीच ठेवली असं तिला वाटत होतं. मग आम्ही दोघंही उगाच भाजीबद्दल बोललो.

त्यानंतर मी किलोमीटरचा आकडा कागदावर लिहून ठेवायला लागलो. तिसऱ्या गुरुवारी अडतीसनं वाढलेला. चौथ्या गुरुवारीही बरोबर अडतीस. पेट्रोलचा काटा मात्र जिथे सोडला तिथेच. काच शाबूत, गाडीत कसला वास नाही, स्टिअरिंग स्वच्छ पुसलेलं. मी देवभोळा आहे, पण भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरीही त्या शुक्रवारी गाडी काढताना मी दोनदा मागच्या सीटकडे वळून बघितलं, हे कबूल करतो.

पाचव्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, बायकोचा सोहारला फोन आला. "अरे, गाडी खाली नाहीये."

पोलिसांना फोन लावायला घेतला आणि बोट तिथेच थांबलं. सांगणार काय? माझी गाडी चोरीला गेली? कागद विचारले असते. कागदावर मी कुठे होतो? गाडी नेणारा जर तो कागदावरचा माणूस असेल, तर गाडी त्याची आणि महिनाभर ती वापरणारा चोर मी. दलालाला फोन केला, तर तो म्हणाला, "वो आदमी गाव से आया नहीं भाईसाब. नेक्स्ट वीक, इन्शाल्ला." तासाभरानं बायकोचा पुन्हा फोन. ती कुजबुजत होती. "आली. आपोआप आल्यासारखी उभी आहे. कोणी दिसलं नाही रे."

मला राग आला होता आणि भीतीही वाटत होती. दोन्हींतलं जास्त काय होतं ते आजही सांगता येत नाही. पुढच्या मंगळवारी रजा टाकली. बारा वाजता गाडीत शिरलो, मागच्या काचांना उन्हाचे पडदे लावले आणि ड्रायव्हरच्या मागे अंग चोरून आडवा झालो. बाहेर लख्ख ऊन, समोर उघडे बोडके डोंगर, रस्त्यावर चिटपाखरू नाही. शेडचा पत्रा तापून कडकड वाजत होता. प्रत्येक आवाजाला मी दचकत होतो.

कुलपं खटकन उघडली. कोणीतरी आत बसलं. सीट सावकाश मागे आली आणि माझ्या गुडघ्यांना टेकली. मग पिशवीची सळसळ झाली. तो फूल ठेवत होता. पुटपुटत नमस्कार केला आणि गाडी सुरू झाली.

ओरडायचं ठरवून आलो होतो, पण अंग आणखीच चोरून घेतलं. गाडी घाट चढली, उतरली. तो इतकं जपून चालवत होता की खड्डासुद्धा कळू नये. शहरात, रूवीच्या बाजूला कुठेतरी गाडी थांबली. त्यानं केस नीट केले, शर्टाची कॉलर ओढली आणि व्हिडिओ कॉल लावला.

"जेवलीस काय?" त्याचा आवाज एकदम मोकळा झाला. "आता जेवणाची सुट्टी झाली बघ. ही काय ऑफिसची पाटी, दिसते? गाडी लावली सावलीत. बाबांना दे, त्यांना गाडी बघायची असते ना."

मी हळूच मान वर केली. खिडकीच्या पडद्याच्या फटीतून समोर एक ऑफिस दिसत होतं. त्याच्या गेटाला साखळी घालून कुलूप लावलेलं होतं.

फोनमधला बाईचा आवाज थांबला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "अहो, तुमच्या मागं कोण बसलंय?"

त्यानं आरशात बघितलं. तो चेहरा मी विसरणार नाही. चोर सापडल्यावर होतो तसा नव्हता तो. बाईनं पुन्हा विचारलं.

महिन्याभराचा राग माझ्या जिभेवर होता. गाडी कोणाची, हे ठणकावून सांगायलाच मी आलो होतो. मी पुढे वाकलो.

"नमस्कार वहिनी," मी म्हणालो. "ह्यांच्याच ऑफिसात असतो मी. आज ह्यांच्या गाडीतनं चाललोय."

"असं होय," ती हसली. "घाबरले ना मी. छान आहे ना गाडी?"

"खूप छान आहे," मी म्हणालो.

फोन बंद करून तो मागे वळला. "चोरी नाय केली हो साहेब," तो म्हणाला. "मंगळवारचा तेवढा नेतो, पेट्रोल भरून ठेवतो दर वेळी." गाडी घेतली त्या दिवशी त्याच्या गावात पेढे वाटले गेले होते. पुढच्याच आठवड्यात कंपनी बंद पडली. गावाला तो गेलाच नव्हता. हमरियात पाच जणांच्या खोलीत राहत होता. दलालाला गाडी दिली, पण सही करायला हात धजेना. गाडी कोणाकडे, कुठे उभी असते, ते त्यानं दलालाला फोनवर विचारून घेतलं होतं. सही केली की घरी सांगावं लागणार होतं.

"मग सांगून का नाही टाकलंत?" मी विचारलं.

"बाबा सारखे आजारी असतात," एवढंच तो म्हणाला.

दोन दिवसांनी त्यानं सही केली. दुसरी चावी रुमालात गुंडाळून आणली होती. महिनाअखेरीला तो गावी परतणार होता. घरी काय सांगणार, हे मी विचारलं नाही.

पुढच्या गुरुवारी घरी आलो, तो जिना न चढता आधी शेडमध्ये गेलो. किलोमीटरचा आकडा जिथल्या तिथे होता. गणपतीपुढची जास्वंद वाळून काळी पडली होती. मुल्कियावर माझं नाव होतं आणि दोन्ही चाव्या माझ्या खिशात. वरून बायकोनं विचारलं, "सगळं ठीक ना? कोणी आलं नव्हतं ना?"

"नाही, कोणी नाही," मी म्हणालो. मग सीट पार मागे सरकवली आणि पाय ब्रेकपर्यंत पोचत नसताना तसाच बसून राहिलो.