कुंपणापलीकडच्या काकड्या

नारळी पौर्णिमेच्या सकाळी वळ गावातल्या भोपळेवाल्या काकांवर झालेला अन्याय उघड झाला. शेजारच्या गोदामाने भिंतीवरचा रोगट वेल सांगूनही काढला नाही. त्यावरची मावा कीड काकांच्या भोपळ्याच्या वेलावर आली आणि पानं पिवळी पडून आकसली.

गणपतीपर्यंत दोघांना उचलणार नाही एवढा भोपळा काकांना करायचा होता. लूमवरच्या कापडाच्या चिंध्यांची गादी करून त्यांनी तो तिच्यावर ठेवला होता. कुणी सरळ बोट दाखवलं की म्हणायचे, “बोट वाकव, कुजंल त्यो.”

त्या सकाळी लोकांनी गोदामाच्या वॉचमनला धरलं. त्यानं म्हणे काल सरळ बोट दाखवलं होतं.

“सोडा रं त्याला,” काका म्हणाले. “बोटाचं मी बघतो. ह्यो माव्यानं आणलेला रोग हाय, औषध न्हाय याला.”

आणि ते स्वतःचाच वेल उपटायला वाकले.

“काका, भोपळा अजून वाढतोय,” मी चिडून म्हणाले.

“आन् शेजारच्या वयनीच्या काकड्या, पोरी? कुंपणापल्याडच हायेत त्या, रोग तिकडं जाईल.”

त्यांनी भोपळ्यावरून एकदा हात फिरवला, देठ कापला आणि वेल पोत्यात भरला.

गोदामाचा वेल अजून भिंतीवर आहे. भिंत तुमची असेल, तर आजच तो मुळासकट उपटा आणि काकांच्या दारात येऊन तसं सांगा.