पत्र्याच्या दारावरचे ठोके

वडील गेले तेव्हा मी कणभौतिकीत संशोधन करत होते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कणांच्या लाखो टकरींची नोंद आमच्यापुढे असायची आणि त्यातून हव्या त्या मोजक्या टकरी वेगळ्या काढायच्या असत. हवा तो सिग्नल, बाकी सगळं बॅकग्राउंड. ते गाळायला एकेक अट लावत जायचं. आम्ही तिला कट म्हणायचो.

सुरतेत भेस्तानला आमची खोली लूमच्या कारखान्याला लागूनच होती, मधली भिंत एकच. त्या खडखडाटात हाक ऐकू जात नसे. म्हणून वडील तिथल्याच रातपाळीहून सकाळी परतले की हातातल्या पान्याने पत्र्याच्या दारावर ठोके द्यायचे. दोन लागोपाठ, जरा थांबून तिसरा.

तेराव्यानंतर आईला माझ्यासोबत न्यायचं ठरवून मी थांबले होते. तिने साफ नकार दिला.

"तुना बाप रोज सकाळे येस. दार कोण उघाडी?"

दुसऱ्या सकाळी ठोके मीही ऐकले. दोन, मग एक. बाहेर कुणी नव्हतं.

ठोक्यांची नोंद ठेवायला मी वही केली. पंधरा दिवसांत एकही खरा ठोका सापडला नाही तर तू माझ्याबरोबर यायचंस, असं आईकडून कबूल करून घेतलं. पहिली अट सरळ होती: लूम चालू असताना भिंत हादरते, पत्रा वाजतो, तेव्हाचे ठोके बाद. मग वारा असतानाचे बाद. मग छपरावर मांजर असतानाचे. तरी एखाददुसरा उरायचाच, की मी आणखी एक अट घालायची. पंधराव्या दिवशी पान कोरं झालं.

आई तांदूळ निवडत होती. मी तिला सगळ्या अटी वाचून दाखवल्या. "एकही उरला नाही," म्हटलं.

तिला हसू आलं. वडील गेल्यानंतरचं पहिलंच.

"इतली शिकनी तू, पोरी. मशिनी बंद असतांना तुना बाप कधय घर उना व्हता का?"

मी वहीतली पहिली अट पुन्हा वाचली. मशिनी बंद, त्या दिवशी ते घरीच असायचे. येणं व्हायचं ते मशिनी चालू असताना, पाळी बदलताना. प्रयोगशाळेत आम्ही कुठलाही कट पक्का करण्याआधी ओळखीचा सिग्नल त्यातून सोडून बघायचो, किती टिकतो ते मोजायचो. इथे मी ते केलंच नव्हतं. वडील जिवंत असते, तरी माझ्या पहिल्याच अटीला गळाले असते.

मी पुन्हा आग्रह धरला नाही.

निघायच्या दिवशी सकाळी पाळी बदलली. भिंतीपलीकडे लूम चालूच होते. दोन ठोके, मग एक. आईने माझ्याकडे पाहिलंही नाही. उठून कडी काढली आणि कुणाला आत यायला वाट द्यावी तशी बाजूला सरकली.

खोली लहान होती. मीही पाय आखडून घेतले.