दोनदा पॉलिश मारलेला घनसाळ

मी आजऱ्याला तिथला वासाचा घनसाळ तांदूळ आणायला गेले होते. पुण्यात कोपऱ्यावर तांदूळ मिळत असताना एवढ्या लांब कोण जातं, असं नवरा म्हणालाच. पण गेल्या वर्षीच्या औषधांनी आईच्या तोंडाची चव गेली आणि जेवण चार घासांवर आलं. नाक तेवढं शाबूत राहिलं. एकदा ताट बाजूला सारून ती म्हणाली, "माहेरच्या घनसाळची पेज असती तर प्यायले असते. हातसडीची. तिचा वास तरी येतो." आजारपणात तिनं स्वतःहून मागितलेली ही पहिली गोष्ट. मी मामाला फोन करून बजावलं, "पॉलिश अजिबात नको," आणि कोल्हापूर गाठलं.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: कोल्हापूरच्या स्टँडवरून आजऱ्याची एसटी निपाणी, उत्तूर करत जाते. अडीच-तीन तास धरा. निघण्याआधी कट वडा खाऊन घ्या, वाटेत धड काही मिळत नाही. जानेवारीत गेलात तर उत्तूरनंतर ऊस विरळ होतो, कापलेल्या भाताची खाचरं दिसतात आणि काजूला मोहोर असतो. रस्ता बरा आहे, एसटी मात्र बरी नव्हती.

एसटीत शेजारी बसलेल्या काकांनी विचारलं, "कुठं निघालासा पावणं?"

"आजऱ्याला, घनसाळ आणायला."

"हुंगून घ्या. आता वास बाटलीतनं बी मारत्यात."

मी हसले. माझा घनसाळ सख्ख्या मामाच्या शेतातला होता, मला कसली काळजी!

मामानं दारातच पोतं सोडून दाखवलं. तांदूळ पांढराशुभ्र, चकचकीत. मी मूठभर नाकाशी नेला. काही नाही. रेशनच्या तांदळाला येतो तेवढाही वास नाही.

"मामा, पॉलिश नको म्हटलं होतं ना?"

"आगं, अक्काला काय तांबडा तांदूळ धाडू व्हय? आजारी माणूस, भेटायला चार लोक येत्यात. माहेरानं कसला तांदूळ दिलाय म्हणतील की!"

मामी कौतुकानं म्हणाली, "एकदा मारल्यावर जरा पिवळट दिसत हुता. मग ह्यांनी परत गिरणीत नेला. दोन येळा मारलाय."

फोनवर मी जे सांगितलं ते त्यांना भिडस्तपणा वाटलं होतं. पाव्हणीनं नको म्हणायचं आणि यजमानानं वाढायचंच, ही रीत मला माहीत होती, पण ती गिरणीपर्यंत पोचेल असं वाटलं नव्हतं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांना सांगते. तुसाच्या आत दाण्यावर तांबूस पापुद्रा असतो. तंतू, ब जीवनसत्त्व, थोडं तेल, बरंचसं त्यातच. उखळात सडताना त्यातला पुष्कळ टिकतो. पॉलिशच्या यंत्रात दाणा घासून तापतो, पापुद्र्याचा कोंडा होतो आणि वासही उतरतो. व्यापाऱ्याला ते सोयीचंच, कारण पापुद्रा असलेला तांदूळ लवकर खवट होतो. आणि आपल्याला पांढरं दिसलं की बरं वाटतं. मला त्या पांढऱ्या रंगाची चीड आली.

"थोडं तुसासकट भात असेल ना? मी स्वतः सडते."

"बियाण्यापुरतं हाय. त्याला हात न्हाय लावायचा."

गल्लीतल्या सगळ्यांचं भात त्याच गिरणीत गेलं होतं. हात धुवायला मागे गेले आणि थबकले. म्हशीपुढच्या बादलीतून घनसाळचा वास येत होता. आई सांगते तो, गोडसर, ओळखीचा. बादलीत कोंडा भिजवला होता. शेजारी पोत्यात अजून कोरडा कोंडा होता.

"मामी, यातला पिशवीभर देता? चाळून पेजेत घालीन."

मामीनं पदर तोंडाला लावला. "म्हशीचं खाणं अक्काला नेतीस?"

मामानं दारातून ते ऐकलं. त्याचा चेहरा एवढासा झाला. जेवताना त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. मग मीही पिशवी पुढे केली नाही. त्याचा मान राखला आणि म्हशीनं आईची पेज खाल्ली.

पुण्यात आल्याबरोबर त्याच पांढऱ्या तांदळाची पेज केली. आईनं वाटी नाकाशी धरली, बराच वेळ धरून ठेवली. मग मला म्हणाली, "फोन लाव त्याला." मी लावला.

"बाळू, अरे घरभर वास सुटलाय बघ!"

स्पीकरवर मामाचा आवाज एकदम मोकळा झाला. "बघ की! तुझी लेक उगाच तोंड पाडून बसलती. अक्का, आता दरसाली असाच दोनदा मारून धाडतो!"

"धाड रे," आई म्हणाली. फोन ठेवला आणि न चाखलेली वाटी माझ्याकडे सरकवली.