तैयबाचा रंग, मोहम्मदचा हात

“आधी हातावर, मग डोळ्यावर,” असं तैयबा म्हणायची. सुरुवातीला ती हे फक्त पापणीवर लावायच्या रंगाबद्दल म्हणायची. पुढे सगळ्याबद्दलच म्हणू लागली. नवं कालवण असो, गावात आलेली नवी बातमी असो, नाहीतर कुणाच्या घरी आलेलं नवं स्थळ असो, सगळं आधी हातावर घासून बघायचं आणि मग डोळ्याला लावायचं. एक गोष्ट मात्र ती या म्हणण्यात कधी घालत नसे, आणि ती बोर्लीपंचतनात सगळ्यांना ठाऊक होती. हात तिचा नसे. हात मोहम्मदचा असे.

मोहम्मद तिचा नवरा. भरडखोलच्या बंदरावर बर्फाचा टेम्पो नेणारा, उंच आणि अबोल माणूस. त्याच्या डाव्या हाताची आतली बाजू, मनगटापासून कोपरापर्यंत, नारळाच्या ओल्या खोबऱ्यासारखी नितळ होती. असा हात अल्लानं बर्फवाल्याला का दिला, याचं कोडं तैयबाला लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सुटलं.

तेव्हा दोघं आखातात, दोह्यात होती. मोहम्मद एका मोठ्या मॉलमध्ये पाण्याच्या बाटल्या पोहोचवायचा. भाड्याच्या खोलीत दुपारी भिंतीसुद्धा तापायच्या, म्हणून सकाळी तो तैयबाला मॉलच्या गारव्यात सोडून जाई आणि संध्याकाळी घेऊन येई. दिवसभर करायचं काय? खाली उंची सौंदर्यप्रसाधनांची दुकानं होती. काचेवर आयशॅडोच्या डब्या उघड्या मांडलेल्या, वाटेल त्यानं बोट लावून बघावं म्हणून. तैयबानं बोट लावलं, आणि मग काढलंच नाही. दुकानातल्या फिलिपिन्सच्या मुलींनी तिला आधी गिऱ्हाईक समजून हसून घेतलं, मग कटकट समजून सोसलं, आणि शेवटी घरचीच मानून तिच्यासाठी स्टूल ठेवलं. दुपारपर्यंत तिचे दोन्ही हात भरून जात. मग ती उरलेले रंग पाच बोटांवर घेई, बोटं फाकवून बाहेर येई, आणि मोहम्मदनं दार उघडलं की गाडीत बसून पाची रंग त्याच्या हातावर उतरवी. सिग्नलला शेजारच्या गाडीतले लोक बघायचे. मोहम्मद समोर बघायचा.

तिथं ती पारख शिकली. रंग बघण्याआधी ती पूड बोटाला कशी लागते ते बघे. बोट अडलं तर ती नाचणीच्या पिठाची जात, पापणीवर थर धरणारी. खरखरली तर रांगोळी, डोळ्यात जाऊन रडवणारी. आणि बोट टेकलं की नाही हे कळूच नये, पण उचलल्यावर त्यावर रंग बसलेला असावा, ती साय. सायीला ती उंची म्हणे. मग डब्यावर कुठलंही नाव असो. रंगांची डब्यामागे छापलेली नावं तिला कधी पटली नाहीत. तिची नावं वेगळी होती. हा पिकल्या सुपारीचा. हा कोकमाच्या आगळाचा. हा भरतीनंतरच्या वाळूचा. आणि सगळ्यात अवघड तो बांगडा माशाच्या पोटाचा, जो उजेड फिरवला की रुपेरीही दिसतो आणि निळाही.

गावी परतल्यावर ती नवऱ्या मुली सजवू लागली. म्हसळ्यापासून दिवेआगरपर्यंत, निकाह असो की लग्न, बोलावणं तिलाच. नवी डबी आली की तिचे पट्टे आधी मोहम्मदच्या हातावर ओढले जात, आणि तो तसाच बंदरावर जाई. बर्फाच्या लाद्या उचलून, घाम गाळून, खारा वारा अंगावर घेऊन संध्याकाळी जो रंग हातावर उरे, तोच तैयबा ठेवी. बाकीचे शेजारच्या पोरींना खेळायला. माणगावच्या दुकानदाराला तर तिची धास्तीच होती. ती डबी उचलून थेट हायवेच्या कडेला उन्हात जाऊन उभी राही, आणि तो आतून विनवी की ताई, इथं बघा, इथं ट्यूबलाइट चांगली आहे.

बंदरावर सुरुवातीला हसणं झालं. “आज कंचा रंग, मोहम्मदभाय?” असं सदा कोळी रोज विचारी. एके दिवशी त्यानं हात नीट धरून बघितला, आणि पुढच्या हंगामात त्याची होडी त्या हातावरच्याच जांभळ्या रंगात रंगून पाण्यात उतरली. तैयबा मुद्दाम बघून आली. रंग बरोबर आहे, म्हणाली, पण आतली चमक गेली. सदाला ते मनाला लागलं.

असं सगळं बरं चाललेलं असताना इनशाचं लग्न आलं.

इनशा म्हणजे मोहम्मदचा धाकटा भाऊ हुझैफा, त्याची मुलगी. तिचं आधीचं स्थळ एका शब्दावरून मोडलं होतं. आलेल्या पाहुण्यांच्या मिठाईला कुणीतरी शिळी म्हटलं, तो शब्द मोटारीत बसून श्रीवर्धनला गेला, आणि परत कुणी आलं नाही. इनशा तेव्हापासून दारात मोटार थांबली की आतल्या खोलीत जाई. हे दुसरं स्थळ चांगलं होतं, आणि विशेष म्हणजे मुलगा तिला आवडला होता. फक्त मुलाची फुफी, म्हणजे आत्या, झुलेखाआपा मानापमानाला हळवी होती. मस्कतला वीस वर्षं काढून आलेली बाई. तिनं भाच्याच्या नवरीसाठी तिकडून आयशॅडोची डबी आणली होती, काळी, आरशाची, नाव घेतलं तरी माणगावचा दुकानदार उठून उभा राहील अशी. निकाहाला तोच रंग लागावा अशी तिची इच्छा होती.

आता रीत अशी, की नवऱ्याकडचं सामान आलं की ते चादरीवर मांडायचं, आणि गावच्या बायकांनी एकेक वस्तू हातात घेऊन बघायची. डबीची पाळी आली की सगळ्या तैयबाकडे बघणार, हे उघड होतं. म्हणून हुझैफा आदल्या दिवशी मोहम्मदकडे आला आणि बराच वेळ बर्फाच्या भावाबद्दल बोलत बसला. उठता उठता त्यानं सांगितलं की भाबीला म्हणावं, कशीही निघाली तरी छान म्हण.

मोहम्मदनं ते रात्रीच्या जेवणात, भाकरी मोडता मोडता तैयबाला सांगितलं. तैयबा घास तसाच ठेवून म्हणाली, “छान म्हटलं की तीच लावावी लागंल. वाईट निघाली तर निकाहाआधी पोरीच्या तोंडावरून उतरंल. दोन गावं बघतील.”

“आणि वाईट म्हटलंस तर?”

तैयबानं घास उचलला, पण तो बराच वेळ हातातच राहिला.

सामान आलं त्या दिवशी पडवीत पुरुष बसले, आत बायका, मधे दाराला फुलाफुलांचा पडदा. मोहम्मद कोपऱ्यात सरबताचा ग्लास धरून बसला होता आणि त्याचे कान पडद्याला लागले होते. कपडे बघून झाले, अत्तर झालं, चपलांचं कौतुक झालं. मग आत एकदम शांत झालं, आणि झुलेखाआपाचा आवाज आला की ही घ्या, तैयबाबी, आमच्यासारख्या अडाण्यांनी आणलंय ते बघा.

थोड्या वेळानं पडदा हलला आणि तैयबा म्हणाली, “जरा हात द्या.”

पडवीतल्या सगळ्या पुरुषांदेखत मोहम्मद उठला, बाही वर केली, तोंड भिंतीकडे वळवलं आणि डावा हात पडद्यातून आत घातला. कासारापुढे बांगड्या भरायला हात द्यावा तसा तो उभा राहिला. मेजवानीची मासळी घेऊन आलेला सदा पायरीवर होता. तो म्हणाला, “हिरव्या भरा, मोहम्मदभाय, हिरव्या.” पुरुष हसले. आत कुणा म्हातारीनं हात चांगला आहे असं मत दिलं, तेव्हा बायकाही हसल्या.

मोहम्मदला हसू आलं नाही. त्याच्या हाताला तैयबाचं बोट लागलं होतं.

इतकी वर्षं रंग त्यानं डोळ्यांनी क्वचितच बघितले होते, कारण त्याला त्यात कळत नसे. पण बोट त्याला कळायचं. सायीचं बोट, पिठाचं बोट, रांगोळीचं बोट, त्याचा हात झोपेतही सांगू शकला असता. आजचं बोट यांतलं कुठलंच नव्हतं. ते नुसतंच बोट होतं. कोरडं, रिकामं, त्याच्या बायकोचं बोट. ते परत आलं, जोर देऊन फिरलं, तिसऱ्यांदा आलं. हातावर काही उतरत नव्हतं. डबीतली पूड खापरासारखी घट्ट झाली होती.

मोहम्मदला तैयबाचा अंगठा आपल्या मनगटावर घट्ट होताना कळला. कुठल्याही वाईट रंगाला तोंडावर वाईट म्हणणारी ही बाई. माणगावात, दोह्यात, कुणाची भीड तिनं ठेवली नव्हती. आज ती त्याचा हात धरून गप्प होती. हुझैफा पडवीतून भावाकडे बघत होता. आतल्या खोलीत इनशा असणार, दाराला कान लावून.

मोहम्मद चारचौघांत बोलणारा माणूस नव्हता. पण तो पडद्याला तोंड लावून म्हणाला, “माझा हात ओला हाय. बर्फाचं पाणी. ओल्या हातावर कंचाच रंग धरायचा न्हाय.”

खोटं होतं. त्या दिवशी त्यानं टेम्पो काढलाच नव्हता. झुलेखाआपाच्या बाजूनं सुटकेचा एक उसासा ऐकू आला, आणि हुझैफानं ग्लास खाली ठेवला.

“हात कोरडा हाय,” तैयबा आतून म्हणाली. “तुम्ही गप राहा. हाताला नावं ठेवू नका.”

हुझैफानं डोळे मिटून घेतले.

तैयबाचा आवाज मग खाली आला, शेजारणीला मीठ मागावं तसा. तिनं झुलेखाआपाला विचारलं की आपा, ही पावसाळ्यात कुठं ठेवली होती? झुलेखाआपा ताठ आवाजात म्हणाली की कपाटात, गाद्या-उशांमध्ये, जिवापलीकडे जपून. आणि पावसाळ्यानंतर? पावसाळ्यानंतर काय, बुरशी लागू नये म्हणून सगळं काढतो तशी काढली. गच्चीवर उन्हात ठेवली. चांगली कडक उन्हं दाखवली.

“उघडी?”

“झाकून ठेवल्यावर ऊन कसं लागंल?”

“शेजारी काय होतं, आपा?”

झुलेखाआपा जरा हळू आवाजात म्हणाली, “सोडे.”

डबी हातोहात फिरली असावी, कारण बायका एकेक करून वास घेत असल्याचं बाहेर कळत होतं. सोललेली कोळंबी वाळवून सोडे करतात, त्यांचा वास एकदा लागला की तो वस्तूला सोडत नाही. कुणीतरी खुसकन हसलं. मोहम्मदचा हात ताठ झाला. मागचं स्थळ एका शब्दानं गेलं होतं, हे तर हसणं होतं. तेवढ्यात तैयबा म्हणाली की हसता कशाला, तिनं स्वतः दोह्याहून आणलेलं चॉकलेट मसाल्याच्या मिरच्यांबरोबर गच्चीवर टाकलं होतं, आणि कावळ्यांनी नेलं होतं. मग एक म्हातारी म्हणाली की तिनं मुलाचा पासपोर्ट वाळत घातला होता. दुसरीनं लग्नातला कॅमेरा. बघता बघता आत गच्चीवर काय काय वाळवलं गेलं याची उजळणी सुरू झाली, आणि सगळ्यांत मोठ्यानं हसणारा आवाज, मोहम्मदनं दोनदा कान देऊन खात्री केली, झुलेखाआपाचाच होता.

उन्हानं घट्ट झालेली वरची साल काढायला तैयबानं कांदा चिरायची सुरी मागवली. खरवडल्याचा आवाज आला, करपलेल्या पावाचा काळा भाग काढावा तसा. झुलेखाआपा मधेच कळवळली.

मोहम्मद वाट बघत राहिला. हात अवघडला, मुंग्या आल्या. त्याला वाटलं, बोट आता येईल, मग येईल. तेवढ्यात आत बायकांनी एकदम श्वास घेतला. तो चमकला. बोट येऊन गेलं होतं, आणि त्याला कळलंच नव्हतं.

“साय,” तैयबा म्हणाली. “बांगड्याचं पोट. आपा, असा मी दोह्यातबी बघितला नव्हता. वासाचं काय ते मी बघते. निकाहाला हाच.”

आतलं दार करकरलं. इनशा बाहेर आली असावी, कारण बायकांनी तिचं नाव घेऊन जागा केली आणि कुणीतरी तिला चिडवलं की आता तुझ्या डोळ्यांवर मांजरं येतील. इनशा काहीतरी बोलली, फार हळू, आणि सगळ्या पुन्हा हसल्या. हुझैफा पडवीतल्या प्रत्येकाला विनाकारण सरबत वाटू लागला. ज्यांच्या हातात भरलेला ग्लास होता त्यांनाही.

झुलेखाआपा डबी परत न्यायला निघाली होती, लग्नापर्यंत जपून ठेवते म्हणून. तैयबानं ती दिली नाही. ती म्हणाली की आपा, जपणं पुरे झालं. झुलेखाआपानं मग स्वतःचा रेशमी रुमाल काढून डबी त्यात बांधली आणि तिच्या हातांवर ठेवली. मोहम्मदनं टेम्पोनं सोडतो म्हटलं, पण खरवडलेली पूड आता मोकळी झाली होती, तैयबाला टेम्पोचे धक्के नको होते. ती पायऱ्या उतरली आणि सुपारीच्या वाड्यांमधल्या पाऊलवाटेनं चालू लागली, दोन्ही तळवे पुढे, वर डबी आडवी, काठोकाठ भरलेली ताटली न्यावी तशी. वाटेत पाण्याचा पाट आला तेव्हा ती थांबली, पायानं दगड चाचपला, आणि खाली न बघता पलीकडे गेली. सावलीत शिरली, उन्हात आली, पुन्हा सावलीत शिरली. पडवीच्या कठड्याशी झुलेखाआपा आणि मोहम्मद, मधे पुरतं अंतर ठेवून, ती वाडीच्या कुंपणामागे जाईपर्यंत बघत उभे होते. झुलेखाआपानं एकदाच, हळू आवाजात, जपून जा म्हटलं. तैयबा तेव्हा बरीच पुढे गेली होती.