लाभानंतरचं दुसरं माप
तांदळाच्या डब्यातल्या सुक्या कडुनिंबाचा वास आला की मला बहात्तरच्या दुष्काळातली, नेवाशाकडची आमची कणगी दिसते. मी तेव्हा नवी सून होते. आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसत. एक म्हटलं तर एकावरच थांबेल, ही भीती. म्हणून ‘लाभ’ म्हणायचं, मग दोन, तीन. त्या दुपारी सासूबाईंनी कणगीत कमरेपर्यंत वाकून तळाची ज्वारी खरवडून काढली. ‘लाभ’ म्हणत पहिलं माप सुपात ओतलं. दुसरं निम्म्यावरच राहिलं. त्यांनी सगळी ज्वारी एकत्र केली, पुन्हा माप भरलं, पुन्हा ‘लाभ’. पुन्हा निम्मं. बाहेरून सासरे ओरडले, “किती निघाली गं?” “मोजतीय अजून, जरा दम धरा!” असं म्हणून सासूबाईंनी माझ्याकडे न बघता ज्वारी परत एकत्र केली. “लाभ.” घरात आम्ही सात माणसं होतो. आता मी एकटीच आहे. एका वाटीचा भात मला दोन वेळा पुरतो, तरी ‘लाभ’ म्हटल्यावर दुसरी वाटी काठोकाठ भरल्याशिवाय माझा हात डब्यातून निघत नाही.