वाहत्या दुधनेच्या शोधात

आईनं जाण्याआधी बजावून ठेवलं होतं, "मला पैठणला नेऊ नका. दुधनेत सोडा." तिचं माहेर त्या नदीकाठचं. म्हणून भर मे महिन्यात अस्थींचं गाडगं घेऊन मी पुण्याहून गाडी काढली आणि वाटूरला मामाकडं पोचले. शहाण्या माणसानं या दिवसांत मराठवाड्यात फिरू नये. पण अस्थी टांगून तरी किती दिवस ठेवणार?

मामाची एकच अट होती. "पाणी वाहतं पायजे. डबक्यात माझी बहीण सोडायची न्हाई."

परतूरजवळच्या पुलावर थांबलो. खाली वाळू उपसून पाडलेले खड्डे, वेड्या बाभळी आणि एका कोपऱ्यात हिरवट साचलेलं पाणी. "नदी डोंगरातून येती," मामा म्हणाला. "वर असंल."

मग काय, निघालो उलटे, नदी जिकडून येते तिकडं. जालन्यातच पेट्रोल भरून घ्या, पुढं भरवसा नाही. बदनापूरपर्यंत रस्ता झकास. तिथं भजी मस्त मिळाली, पण पुलाखाली नदी कोरडी ठाक. मामा गाडीतून उतरलासुद्धा नाही.

पुढं कच्चा रस्ता, नुसता फुफाटा. डोंगराच्या पायथ्याशी पोचलो तर पात्रात दगडगोटेच. फोनच्या नकाशावर मात्र निळी रेघ पार डोंगरापर्यंत ठळक! असा संताप आला मला त्या रेघेचा.

काठावरच्या मोसंबीच्या मळ्यातून एक बाई आली. "काय हुडकून राह्यले?" मामानं सांगितलं. ती गाडग्याकडं बघत राहिली.

"दिवाळीपासून थेंब न्हाई नदीला," ती म्हणाली. "मंग असं करू, आमची मोटर लावते. वाहील की जरा."

झाडं सुकत असताना त्या माउलीनं बोअरचा पाइप नदीत टाकला. दगडांतून पाणी चार हात पळालं. मामानं हात जोडले. "सोड, जल्दी सोड!"

मी गाडगं उपडं केलं. राख जराशी सरकली आणि लाईट गेली. बघता बघता वाळूनं पाणी पिऊन टाकलं. आई तिथंच राहिली, ओल्या गोट्यांवर. मला हुंदका आवरेना.

"पावसात जाईल, बाई," मामा म्हणत होता. "बराबर जाईल." मळेवाल्या बाईनं लाईट येईपर्यंत थांबवून घेतलं, भाकरी-ठेचा वाढला. दिवस मावळला तरी लाईट आली नाही.

पुण्यात दादानं दारातच विचारलं, "वाहत्या पाण्यात सोडल्यास ना?"

"हो," म्हणाले मी. तेव्हापासून त्याच्या डोळ्याला डोळा देता येत नाही. नदी उगमापर्यंत बघायची हौस मात्र कायमची फिटली.

तुम्ही जाणार असाल तर उन्हाळ्यात जाऊ नका, श्रावणात जा. बदनापूरच्या वर, डोंगराजवळ, मोसंबीच्या मळ्याखाली नदी वाहताना दिसली, तर मला तेवढं कळवा. कितीही वाजता कळवा.